ट्रॉमाच्या स्टेशनला हातपाय गळायलेत, ओस्की तीन आठवड्यांवर आलीय

फायनलवाला_केज

नमस्कार मंडळी, फायनल पार्ट टू ला आहे, मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजात, नाव विचारू नका कारण आमचे सर लोक पण इथं वाचत असतात आणि मग राउंडला माझं काही खरं नाही.

परवा मॉक ओस्की झाली, म्हणजे एकेका स्टेशनला जाऊन करून दाखवायच्या परीक्षेची रंगीत तालीम. थायरॉइड, पोटाची तपासणी, एक्स-रे वाचन, सगळी स्टेशनं बरी गेली. मग ट्रॉमा आलं. दाराबाहेर चिठ्ठी होती की ३२ वर्षांचा पुरुष, रात्री मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली, २० मिनिटांपूर्वी कॅज्युअल्टीत आणलंय, तपासा आणि उपचार सुरू करा, वेळ ८ मिनिटं. आत गेलो तर डमी झोपवलेली आणि डाव्या पायाला असली भारी जखम केलेली, हाड बाहेर, लाल रंग, पट्टी भिजून टपटप. झालं, मी डायरेक्ट पायापाशी. सलाईननं धुणार म्हणलं, स्टराईल ड्रेसिंग म्हणलं, स्प्लिंट, अँटिबायोटिक, धनुर्वाताचं टीटी, वर उघड्या फ्रॅक्चरचं गस्टिलोचं क्लासिफिकेशन पण म्हणून दाखवलं, मला वाटलं आज आपण छापलं. सहाव्या मिनिटाला मॅडमनी एकदम शांतपणे विचारलं, डॉक्टर, तुमचा पेशंट श्वास घेतोय का? मी म्हणलं हो मॅम. त्या म्हणल्या, कधी बघितलंत? डाव्या छातीत हवा जात नव्हती, मानेच्या शिरा टम्म फुगलेल्या होत्या, ट्रकिया म्हणजे श्वासनळी उजवीकडं सरकलेली होती. पाय छान बांधलात, पेशंट तेवढा गेला. २० पैकी ४ मार्क.

प्रॉब्लेम असा आहे की एबीसीडीई, म्हणजे आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, मग कपडे काढून सगळं अंग, हा क्रम मला झोपेतून उठवून विचारा, धाडधाड सांगतो. पण बेल वाजली, समोर रक्त दिसलं की डोकं बंद. वर तोंडानं काय म्हणायचं आणि हातानं काय करून दाखवायचं हेच कळंना, प्रश्न डमीला विचारायचा का एक्झामिनरला? कधी डमी असते, कधी खराच माणूस झोपवतात, त्याच्याशी मराठीत बोलायचं आणि लगेच इकडं वळून इंग्रजीत फाइंडिंग सांगायच्या, जीभ अडखळायलीय नुसती. कुणी कॅज्युअल्टी केलेलं असेल तर सांगा राव. पुस्तकातलं नका सांगू, पुस्तक आहे माझ्याकडं.


इंटर्न_रात्रपाळी

अरे भावा, पायाकडं गेलास त्यात एवढं काही बिघडलं नव्हतं, तिथं बसकण मारलीस तिथं घोळ झाला. आता तर ए च्या आधी एक्स लावायला लागलेत, म्हणजे रक्त धबधब वाहायलंय तर ते पहिलं थांबवायचं. पण थांबवायचं म्हणजे काय, गॉजचा गोळा घ्यायचा, जखमेवर ठेवायचा, सिस्टर इथं घट्ट दाबून धरा सोडू नका म्हणायचं आणि तू उठून तोंडाकडं जायचं. दहा सेकंदांचं काम. दाबून थांबलंच नाही तर टुर्निके (वरून आवळायची पट्टी) आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. गस्टिलो ऑर्थोच्या व्हायवाला म्हण, तिथं त्याचे मार्क आहेत.

मी काय करायचो सांगतो. चिठ्ठी वाचायला जो वेळ मिळतो त्यात घोकायचं नाही, अपघात डोळ्यासमोर आणायचा. ट्रॉलीला मागून धडकला म्हणजे चेहरा लोखंडावर, छाती हँडलवर, मान झटकली, गुडघा-मांडी गेली. विहिरीत पडला म्हणजे टाचा आणि त्याच्या वर सरळ रेषेत कंबरेचा मणका. कडबाकुट्टीत हात गेला म्हणजे हात तर दिसतोयच, पण ओढणीनं किंवा शर्टानं आत ओढला गेला असेल तर मान आणि छाती पण बघायची. एवढं डोक्यात असलं की दार उघडल्यावर रक्त बघून माणूस दचकत नाही, कारण काय शोधायचंय ते ठरलेलं असतं.

आत शिरताना मोठ्यानं म्हण की ग्लोव्ह्ज, अ‍ॅप्रन, चष्मा घातलाय. मग पेशंटच्या नजरेसमोर ये, बाजूनं हाक मारू नको, बाजूनं हाक मारली की तो मान वळवून बघतो आणि तिथंच मार्क जातात. मदतनीसाला डोकं दोन्ही हातांनी धरायला लाव आणि म्हण, मामा, मी डॉक्टर आहे, मान हलवू नका, नाव काय तुमचं, काय झालं? या एका प्रश्नात निम्मी तपासणी होते. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर घसा मोकळा आहे, श्वास चालूय, मेंदूला रक्त पोचायलंय. गुरगुर आवाज आला तर आत रक्त किंवा उलटी, सक्शन. घोरल्यासारखा आला तर जीभ मागं पडलीय, जॉ थ्रस्ट द्यायचा म्हणजे जबडा पुढं उचलायचा, हेड टिल्ट म्हणजे डोकं मागं वाकवणं नाही, मानेचं काही माहीत नसतं आपल्याला. मग नॉन-रिब्रीदर मास्कनं १५ लिटर ऑक्सिजन, मानेला कॉलर, आणि पुढं.

डमी असली तर पेशंटच्या वतीनं एक्झामिनर बोलतो, पण विचारल्याशिवाय एक अक्षर देत नाही. हे भिंतीवर लिहून ठेव. छाती बघतो एवढंच म्हणलास तर ते तोंडाकडं बघत बसतील. दोन्ही बाजू सारख्या हलायल्यात का बघतोय, आता ठोकून बघतोय, आता स्टेथोनं दोन्हीकडं ऐकतोय, असं म्हणत म्हणत हात तिथं नेलास की मग डावीकडं हवा नाही वगैरे बाहेर येतं.

भाषेचं म्हणशील तर पेशंटशी बोलताना मराठी आणि एक टप्पा संपला की इंग्रजीत एकच ओळ. ए संपलं, एक ओळ. बी संपलं, एक ओळ. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसलास तर आठ मिनिटांत बेंबीपर्यंत पण पोचणार नाहीस.


जेआर_सर्जरी

वरच्या भाऊनं ए झकास सांगितलं, मी बी आणि सी सांगतो कारण मार्क तिथं सांडतात.

तुझ्या केसमध्ये टेन्शन न्यूमोथोरॅक्स ठेवला होता, म्हणजे छातीत अडकलेली हवा फुप्फुस आणि हृदय दाबते. त्यात एक्स-रे मागवायचा नसतो. निम्मी पोरं छातीचा एक्स-रे मागवतो म्हणतात आणि एक्झामिनर मनात म्हणतो मागव बाबा, फिल्म येईपर्यंत हा काही थांबत नाही. धाप, सॅच्युरेशन खाली, बीपी खाली, एका बाजूला हवा नाही, ठोकलं तर पोकळ आवाज, शिरा फुगलेल्या, एवढ्यावर हात चालला पाहिजे. ट्रकिया उशिरा सरकते, तिच्यासाठी थांबू नको. आणि पेशंटचं रक्त पण बरंच गेलेलं असेल तर शिरा फुगतच नाहीत, हे मुद्दाम विचारतात. मोठ्या माणसात सुई बरगड्यांमधल्या पाचव्या स्पेसमध्ये, काखेच्या मध्यातून उतरणाऱ्या मिडअ‍ॅक्सिलरी लाइनच्या थोडं पुढं, खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून. घातली की लगेच म्हणायचं आता आयसीडी (छातीतली नळी) टाकणार, कारण सुईनं नुसती वेळ निभते, खरा इलाज नळी. आणि मग परत ए पासून बघतो म्हणायचं. हे परत बघतो चेकलिस्टवर असतंच असतं आणि दहातली आठ पोरं विसरतात, मी पण विसरलो होतो. कार्डियाक टॅम्पोनाडमध्ये, म्हणजे हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं जातं तेव्हा सुद्धा बीपी खाली आणि शिरा वर असतात, फक्त हवा दोन्हीकडं सारखी जाते, म्हणून ठोकणं आणि ऐकणं सोडायचं नाही.

आता सी. बीपी १२०/८० दिसलं की पोरं निवांत होतात आणि इथंच फसतात. ७० किलोच्या माणसात अंदाजे ५ लिटर रक्त, त्यातलं ३० टक्के म्हणजे दीड लिटर जाईपर्यंत वरचं बीपी तसं टिकून राहतं. त्याआधी पल्स वाढते, पल्स प्रेशर (वरच्या-खालच्या बीपीतला फरक) कमी होतं, हात गार पडतात, माणूस बेचैन होतो, पाणी मागतो, कॉलर उपटायला बघतो. तरणं पोरगं असलं तर लई वेळ धरून ठेवतं आणि मग एकदम कोसळतं. म्हातारं माणूस बीटा ब्लॉकरची गोळी खात असलं तर पल्स वाढतच नाही, म्हणून गोळ्या विचारायच्या.

रक्त गेलं कुठं, तर एक जमिनीवर आणि चार जागा आत, छाती, पोट, पेल्व्हिस (ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा), मांडी. मांडीच्या एका हाडात दीड लिटर मावतं. पेल्व्हिस दाबून हलवून बघायचं नाही, धरलेली गुठळी सुटते. शंका आली की बाइंडर म्हणजे आवळायचा पट्टा, आणि तो कंबरेला पट्ट्यासारखा नाही बांधायचा, ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा) लेव्हलला, बाइंडर नसेल तर चादर. मग फास्ट, म्हणजे आत रक्त साचलंय का बघायची झटपट सोनोग्राफी, हृदयाभोवती, लिव्हरपाशी, स्प्लीन म्हणजे प्लीहेपाशी आणि खाली पेल्व्हिसमध्ये, चारच जागा, चारही म्हणून दाखव.

शिरेत दोन जाड व्हेनफ्लॉन (सलाईनच्या सुया), १६ नाहीतर १८ नंबर. गुलाबी २० लावून ट्रॉमा होत नसतो गड्या. लावतानाच ग्रुपिंग-क्रॉसमॅचचं रक्त काढून घे, बाईमाणूस असली तर प्रेग्नन्सी टेस्ट. कोमट आरएल सलाईन एक लिटर, मग बघायचं, ओततच सुटायचं नाही, रक्त गेलेल्याला रक्त लागतं. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम १० मिनिटांत आणि पुढं १ ग्रॅम ८ तासांत, पण मार लागल्यापासून ३ तासांच्या आत सुरू केलं तरच. क्रॅश-टू ट्रायल, २०१०. ट्रायलचं नाव घेतलं की एक्स्टर्नल खुश होतात, अनुभव आहे.

जाता जाता, हा एबीसीडीई वाला एटीएलएस, म्हणजे ट्रॉमाचा कोर्स, कुठून आला माहितीय का? १९७६ ला अमेरिकेत नेब्रास्कामध्ये जेम्स स्टायनर नावाच्या डॉक्टरचं विमान शेतात कोसळलं, बायको जागेवर गेली, पोरं जखमी, आणि जवळच्या छोट्या दवाखान्यात जो उपचार मिळाला तो बघून त्यानं ठरवलं की याला काहीतरी क्रम पाहिजे. पहिला कोर्स १९७८ ला झाला. आणि हा माणूस ऑर्थोपेडिक सर्जन होता. हाडाच्याच डॉक्टरनं सांगितलंय की हाड नंतर बघा.


शंकासुर_परभणी

सुई दुसऱ्या स्पेसमध्ये मिडक्लॅव्हिक्युलर (कॉलरबोनच्या मध्याच्या रेषेत) ना? आमच्या सरांनी तर तेच शिकवलंय, आमच्या नोट्समध्ये पण तेच.


जेआर_सर्जरी

तेच होतं आधी. एटीएलएसच्या दहाव्या आवृत्तीत, २०१८ ला, मोठ्या माणसांसाठी बदललं, कारण पुढून छातीची भिंत जाड असली तर सुई आत पोचतच नाही. लहान पोरांत अजूनही दुसरीच स्पेस. परीक्षेत म्हणायचं मोठ्यांत पाचवी, लहानांत दुसरी, आणि एक्झामिनर म्हणले नाही दुसरी, तर येस सर. वाद पास झाल्यावर घालायचा.


सिव्हिलवाले_काका

पोरांनो, सिव्हिलला नोकरी करून रिटायर झालोय. आमच्या वेळेला ओस्की नव्हती, लाँग केस आणि शॉर्ट केस, बाकी सगळं एक्स्टर्नलला सकाळचा चहा कसा मिळाला त्यावर. त्यामुळं चेकलिस्टचं मला विचारू नका, पण केजच्या लेकरानं लिहिलंय की रक्त दिसलं की डोकं बंद पडतं, त्यावर सांगतो.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नवीन लागलो होतो. १९९३, ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, माणसं दमून घरात झोपलेली. आपल्याकडची घरं तुम्हाला माहितीयत, दोन-दोन फूट रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर बसलं. ट्रकमधून, जीपमधून, मिळेल त्यातून माणसं यायली. आम्ही नवीन डॉक्टर जो जास्त ओरडंल त्याच्याकडं पळायचो. एक जुन्या सिस्टर होत्या, त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणल्या, साहेब, ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, गप पडलेल्याकडं चला. गप पडलेल्या बाईच्या तोंडात माती होती. बोटानं काढली, मान सरळ धरली, आणि बाई घुसमटून खोकली. तिचा पाय पण मोडलेला होता, तो मी संध्याकाळी बघितला. तेव्हापासून कॅज्युअल्टीत शिरलो की माझी नजर आधी गप माणूस शोधते.

आणखी एक. दगडाखाली कित्येक तास पाय अडकलेला माणूस आमच्याशी चांगला बोलायचा, दगड काढला की थोड्या वेळानं जायचा. दबलेल्या स्नायूतलं पोटॅशियम रक्तात सुटून हृदय बंद पडतं, हे तुम्ही आता वाचता. क्रश इंज्युरीची केस आली तर सलाईन ढिगाऱ्यातून काढायच्या आधीच सुरू करायची, लघवीचा रंग बघायचा, काळ्या चहासारखी असेल तर किडनी धोक्यात, आणि ईसीजी. तेव्हा हे नीट माहीत असतं तर, जाऊ द्या.

प्यायलाय हा शब्द कॅज्युअल्टीच्या दारातच ठेवून येत जा. वास येतोय म्हणून शुद्ध कमी आहे असं गृहीत धरून कोपऱ्यात झोपवलेला माणूस सकाळी उठत नाही कधीकधी. शुगर बघा, प्युपिल म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या दोन्ही बघा, दारूवर ढकलायचं ते सगळ्यात शेवटी. परीक्षेत असा पेशंट मुद्दाम ठेवतात, शिव्या देणारा, चिडायचं नाही, बेचैन माणूस म्हणजे आधी ऑक्सिजन कमी, मग रक्त कमी, मग डोक्याला मार.

ऊसतोडीचा माणूस असला तर सोबत घरचं कुणी नसतं, मुकादम असतो नाहीतर टोळीतला एखादा. त्याला विचारा, कशाची अ‍ॅलर्जी, कोणत्या गोळ्या, जुना आजार, बाई असली तर दिवस गेलेत का, शेवटचं कधी खाल्लं, आणि नेमकं कसं झालं. एमएलसी (पोलीस केसची नोंद) आणि पोलिसांना कळवणं एका वाक्यात म्हणा, पण पेशंट सावरल्यावर. एका इंटर्ननं माझ्यासमोर रजिस्टर आधी उघडलं होतं, पेशंट निळा पडायला लागलेला.


सिस्टर_ट्रॉमावॉर्ड

काकांनी सिस्टरचं नाव काढलं म्हणून लिहिते. डॉक्टर, तुम्ही लोक परीक्षेत पण आणि खऱ्यात पण हवेत बोलता. कुणीतरी सलाईन लावा, कुणीतरी बीपी घ्या. कुणीतरी नावाचा माणूस आमच्या वॉर्डात ड्यूटीला नाही. समोरच्याकडं बघून म्हणा, सिस्टर तुम्ही उजव्या हाताला लाइन घ्या, ब्रदर तुम्ही मॉनिटर लावा, झालं की मला सांगा. स्टेशनला मदतनीस म्हणून बहुतेक वेळा आमच्यातलीच एक उभी असते आणि आम्हाला सांगून ठेवलेलं असतं की नाव घेतल्याशिवाय हलायचं नाही.

लॉग रोलला, म्हणजे पेशंट ओंडक्यासारखा सरळ कुशीवर वळवायला, चार जण लागतात. डोकं धरणारा हुकूम देतो, बाकीचे नाही. तीन म्हणतानाच वळवायचं का तीन म्हणून झाल्यावर, हे आधी बोलून घ्या, माझ्यासमोर यावरून भांडणं झालीत. पाठ बघताना डोक्यापासून खालपर्यंत मणका दाबत या आणि कुठं दुखलं विचारा.

कपडे कापा पण लगेच ब्लँकेट घाला. गार पडलेल्याचं रक्त थांबत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवता आणि पेशंट उघडा ठेवून गप्पा मारता. बाई पेशंट असली तर मावशी, कपडा थोडा कापावा लागेल, सिस्टर सोबत आहेत, एवढं म्हणा. डमी असली तरी म्हणा.

लघवीच्या जागी रक्त दिसलं तर कॅथेटरला हात लावू नका आणि डोळ्याभोवती काळं, कानामागं काळं किंवा नाकातून पाणी येत असलं तर नाकातून नळी नाही, तोंडातून. दुखण्याचं औषध द्यायचं कुणालाच आठवत नाही.


मूळगाव_नांदेड

मी प्लॅब टू दिली, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांना इंग्लंडात काम करायला द्यावी लागते ती परीक्षा, ती मँचेस्टरला घेतात, तिकडची पण ओस्कीच. १६ स्टेशन, एकेक ८ मिनिटांचं, आधी दीड मिनिट बाहेर वाचायला. ट्रॉमाचा क्रम तोच, एबीसीडीई कुठं बदलत नाही, फरक बोलण्यात आहे. आपल्याकडं आपण सगळं स्वतः करून दाखवायच्या नादात असतो, तिकडं सिनियरला कधी बोलावलंस हे बघतात. टेन्शन न्यूमो ओळखला की सुई घालता घालताच म्हणायचं, रजिस्ट्रारला बोलवा, ट्रॉमा टीमला कॉल द्या. आपल्याकडच्या परीक्षेत पण म्हण, कमीपणा काही नाही त्यात.

आणि दुखायलंय का, गोळी-इंजेक्शन देतो, हे सिस्टर म्हणतायत तेच. मी माझ्या पहिल्या सरावात मोडलेला हात धरून सात मिनिटं प्रश्न विचारले, नाटकातला पेशंट शेवटी मलाच म्हणला, डॉक्टर दुखतंय हो.

सराव कसा केला तर रूममेटला फरशीवर झोपवून, मोबाइलवर आठ मिनिटांचा गजर लावून. पुस्तक मिटून. पहिले चार-पाच दिवस मी डी पर्यंत पण पोचलो नव्हतो. मग कळलं की सगळा वेळ ए मध्येच जायलाय, तीच तीच वाक्यं दोनदा म्हणायलोय.


फायनलवाला_केज

सगळ्यांना दंडवत. काका, तुमचं वाचून झोप लागली नाही रात्री.

चार दिवस झालं हॉस्टेलवर सराव चालूय, रूममेट फरशीवर, मेसच्या टोमॅटो सॉसचं रक्त. पायाला मुद्दाम जास्त सॉस लावायला सांगितलं आणि त्याच्याकडं दहा सेकंदच बघायचं अशी पैज लावली. पहिल्या दिवशी हरलो, कालपासून जमायलंय. काल सहा मिनिटं चाळीस सेकंदांत ई पर्यंत आलो, रूममेटला ब्लँकेट पण घातलं, तो तसाच झोपून गेला.

दोन शंका उरल्यात. एक, जीसीएसला (शुद्ध मोजायच्या स्कोअरला) पेशंट नुसता मेलो रे, आई गं करतोय तर त्याला व्हर्बलचे, म्हणजे बोलण्याचे, मार्क किती द्यायचे? काल आम्हा तिघांचे तीन आकडे आले. दुसरं, हेल्मेट असलेला पेशंट आला तर काढायचं का नाही?


जेआर_सर्जरी

नुसतं आं ऊं करत असेल तर २. आई गं, मेलो रे असे शब्द कळतायत पण विचारलेल्याचं उत्तर नाही तर ३. बोलतोय पण गोंधळलाय, कुठं आहात विचारलं तर कारखान्यावर आहे म्हणतो, तर ४. नाव, गाव, दवाखाना, दिवस सगळं बरोबर तर ५. विचारल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत, आधी विचारायचं, मग दाबून बघायचं, आणि जे सगळ्यात चांगलं उत्तर मिळेल ते धरायचं. आकडा नुसता ११ सांगू नको, ई (डोळे) एवढे, व्ही (बोलणं) एवढे, एम (हालचाल) एवढे असं सुटं सांग. ८ किंवा खाली आलं की श्वासाची वाट स्वतःच्या ताब्यात घ्यायची, म्हणजे अ‍ॅनेस्थेशियाला बोलवायचं.

हेल्मेट दोघांनी काढायचं. एकानं खालून जबडा आणि मान धरायची, दुसऱ्यानं हेल्मेट दोन्हीकडं फाकवून हळूहळू ओढायचं, नाकापाशी थोडं तिरकं करून. निघालं की डोकं परत पहिल्याच्या किंवा दुसऱ्याच्या ताब्यात, पण मध्ये सोडायचं नाही कुणी.


फायनलवाला_केज

क्लिअर झालं. एक खबर लागलीय, या वेळी डमी नाही, खरा माणूस ठेवणार म्हणतात, आमच्या वॉर्डातले मामा. पोटाच्या माराची केस, स्प्लीनची असावी.


इंटर्न_रात्रपाळी

मामा म्हणजे दरवेळी पेशंट होतात ते? मग ऐक. त्यांना कितीदा पढवलं तरी डावं-उजवं राहत नाही, आमच्या वेळेला लिव्हरवर ओरडले होते आणि खांद्यात दुखतंय म्हणून उजवा खांदा दाखवला, सगळी बॅच लिव्हर इंज्युरी म्हणून बाहेर आली. तू दाबताना त्यांच्या तोंडाकडं बघ. डावीकडं बरगडीखाली त्यांना गुदगुल्या होतात, हसू दाबायला लागले की फास्ट सोनोग्राफी सांग.